पाखरावर कोणती बंदूक?

मागच्या जानेवारीत अथणी तालुक्यातील एका गावी उपासना चालविण्यास गेलो होतो. उपासना संपली, मंडळी पांगू लागली, तेव्हा तेथील एका वयोवृद्ध शेतकरी बंधूंनी आम्हांस हाताला धरून कडुनिंबाखाली नेले. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आम्हीही म्हणतो. शास्त्रातली एखादी अडचण विचारतील, नाहीतर घरात कोणी आजारी असेल, प्रार्थना करा म्हणतील, असे वाटले. अण्णांनी विचारले ते असे : "गुरुजी, छऱ्याची बंदूक घ्यायची हाय. वन-सेव्हन-सेव्हन घ्यावी का टू-टू? तुम्ही शिकलेलं माणूस, जरा सांगा."

ज्या वाचकांचा शेताशी संबंध सुटला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते. स्प्रिंगच्या जोराने किंवा दाबून भरलेल्या हवेने शिशाचा लहानसा, कमरेत चिमटलेला छरा नळीतून फेकला जातो. नळीच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात आणि तो इंचाच्या अपूर्णांकात सांगण्याची रीत आहे. ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर, ०.२२ इंच म्हणजे सुमारे साडेपाच. जत्रेत फुगे फोडायला ठेवलेली असते ती बहुधा पहिली. अण्णांच्या मुलाने त्यांना मोबाईलवर इंग्लंडमधल्या शेतांतील चित्रफिती दाखविल्या होत्या. त्यांत लोक हिरव्या जाळीमागे बसून रानकबुतरे टिपत होते आणि लहान बोअर चांगली की मोठी यावर तावातावाने बोलत होते. भाषा कळत नसली तरी भांडण अण्णांना बरोबर कळले होते.

आम्ही काय उत्तर दिले ते सांगायला आज संकोच वाटतो. आम्ही शुभवर्तमानातल्या चिमण्या पुढे केल्या. बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचाही देवाला विसर पडत नाही, हे मत्तय आणि लूक या दोघांनी नोंदविले आहे आणि शब्बाथशाळेत आम्ही ते पंचवीस वर्षे शिकवीत आलो आहोत. मुले चिमण्यांचे चित्र रंगवितात, आम्ही त्यांना शाबासकी देतो. तोच धडा आम्ही अण्णांना दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चिमणी भुईवर पडली तर देवाला कळतं, बरोबर हाय. माझं कणीस रिकामं झालं तर कुणाला कळतं, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या रानात गेलो. दोन एकर शाळू. कणसे नुकतीच चिकातून बाहेर येऊन हुरड्याला आलेली. तिन्ही बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. सूर्य हातभर वर आला असेल नसेल, तोच उसावरून एक काळसर ढग आला आणि शाळूवर उतरला. भोरड्या! गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, साळुंकीएवढ्या. किती होत्या ते सांगता येणार नाही. कणसे त्यांच्या भाराने वाकत होती एवढे पाहिले. अण्णांनी आरोळी ठोकली, डबा बडविला. ढग उठला, रानाच्या दुसऱ्या टोकाला उतरला. अण्णा तिकडे चालू लागले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

परत येताना त्यांनी बंदुकीच्या प्रश्नामागची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी पुतण्याची साडेचार मिलिमीटरची बंदूक मागून आणली होती. एक भोरडी पडली, पण मेली नाही. पंख मोडून ती बांधावरच्या तुरीत शिरली. अण्णांनी शोधली, सापडली नाही. ओरडणे मात्र ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा ती जिवंत होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. "म्हणून म्हटलं मोठी बंदूक घ्यावी. मरायचं तर एकदम मरावं. असं मुंग्यांच्या तोंडी देऊ ने."

आम्ही या माणसाला आदल्या दिवशी चिमण्यांवर प्रवचन दिले होते! तो विचारत होता ते दयेविषयीच होते. बोअर किती हा प्रश्न त्याने जीव कसा जातो हे डोळ्यांनी पाहिल्यावर विचारला होता. आम्ही मात्र काहीही न पाहता उत्तर दिले होते. तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही. जे वाचले, विचारले आणि उमजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर. इंग्लंडात परवान्याशिवाय मिळणाऱ्या छऱ्याच्या रायफलीची ताकद १२ फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १६ ज्यूलपर्यंत, असू शकते. ताकद तेवढीच धरली तर लहान बोअरचा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड छरा सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने सुटतो. मोठ्या बोअरचा साधारण एक ग्रॅमचा छरा सुमारे १७५ मीटरने. लहान छरा वेगवान असल्यामुळे सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फारसा चुकत नाही. मोठा छरा वाटेत अधिक खाली येतो, म्हणून अंतर अचूक ओळखावे लागते. पण लागला की त्याचा घाव रुंद असतो. लहान छरा कधीकधी पाखरातून आरपार निघून जातो आणि पाखरू ते घेऊन उडते. तिकडे जुन्या लोकांत एक म्हण होती, की पिसांच्या प्राण्याला लहान बोअर, केसांच्या प्राण्याला मोठी. आता तेथील जाणते लोक म्हणतात, की दोन्हींपैकी कोणतीही चालेल, मात्र छरा डोक्यात किंवा काळजात बसला पाहिजे. आणि जेवढ्या अंतरावरून तुमचा प्रत्येक छरा रुपयाएवढ्या वर्तुळात बसतो त्याच्या पलीकडे बंदूक उचलू नका. सामान्य माणसाला हे अंतर पंचवीस-तीस पावले भरते. वारा असेल तर तेवढेही नाही.

म्हणजे दया बोअरमध्ये नाही, हातात आहे, आणि हात तयार व्हायला शेकडो छरे कागदावर मारावे लागतात. इंग्लंडचे ते कबूतर अर्धा किलोचे असते. आमची भोरडी सत्तर ग्रॅमच्या आसपास. तिचे डोके म्हणजे एक मोठे बोर. एक ग्रॅमचा छरा तिच्या वजनाच्या सत्तराव्या भागाएवढा होतो. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब साडेआठशे ग्रॅमच्या गोळ्याचा पडतो. अंगाला कोठेही लागला तरी ती पडेल खरी. पण पडणे आणि मरणे यांत जी एक रात्र जाते ती अण्णांनी पाहिली आहे. सत्तरीच्या माणसाने, हलत्या कणसावर बसलेल्या, शंभरांच्या थव्यातल्या एका पाखराचे डोके टिपावे, ही अपेक्षा त्यांनी स्वतःच हसून सोडून दिली.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, तिने आम्ही चकित झालो. छऱ्याची बंदूक शिकाऱ्यांना का आवडते? तिचा आवाज होत नाही म्हणून. एक कबूतर पडले तरी बाकीची उडून जात नाहीत, दुसऱ्यावर नेम धरता येतो. आता अण्णांना काय हवे आहे? सगळा थवा उडून जावा हेच ना? मग ज्या हत्याराचा मुख्य गुण पाखरे न उडविणे हा आहे ते त्यांच्या काय कामाचे? गोफणीचा दगड पाखराला बहुधा लागतच नाही, पण तिच्या शेपटाचा जो फटकारा वाजतो त्याने दोन एकरांतली पाखरे उठतात. आमच्या वाडवडिलांचे हत्यार पाखरू मारायला कुचकामी आणि पीक राखायला उत्तम होते. हे नवे हत्यार अगदी उलट आहे. मुलांच्या डोळ्यांना, उसात काम करणाऱ्या माणसांना असलेला धोका तर वेगळाच.

तरीही कोणी म्हणेल, की वर्षभर मारत राहिले तर पाखरे कमी होतीलच. हे म्हणणे तपासून पाहिलेले आहे. इंग्लंडात केंब्रिजशायरमधील कार्लटन या गावच्या परिसरात रोनाल्ड मर्टन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रानकबुतरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या काळी सरकार कबुतरे मारण्यासाठी काडतुसांच्या किमतीत सवलत देत असे. मर्टन यांना दिसले ते असे, की हिवाळ्यात शेतात क्लोव्हरचा पाला जितका असेल तितकीच कबुतरे वसंतापर्यंत जगतात. बंदुकीने काही मारली तर उरलेल्यांना अन्न अधिक मिळते आणि तीच संख्या जगते. न मारली तर तेवढी उपासाने मरतात. बंदूक फक्त कोण मरणार हे ठरवीत होती, किती मरणार हे नाही. १९७४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे त्या देशात मोहरीवर्गातील तेलबियांचे पीक वाढले, हिवाळ्यात खायला हिरवे मिळू लागले आणि कबुतरेही वाढली. आपल्याकडच्या पाखरांवर असाच अभ्यास कोणी केला आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण एक साक्ष आपल्याकडचीही आहे, आणि ती एका लहान मुलाची आहे.

डॉ. सालीम अली यांचे नाव शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तरी ठाऊक असेलच. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेले, १९८७ मध्ये वारलेले, भारतीय पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक. त्यांचा पाखरांशी परिचय छऱ्याच्या बंदुकीनेच झाला. मामांनी दिलेल्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत मिलर्डसाहेबांकडे पाठविले आणि पुढचे सारे आयुष्य त्या दारातून सुरू झाले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावच चिमणीच्या पडण्यावरून ठेवलेले आहे. त्यात त्यांनी बालपणीची आणखी एक नोंद दिली आहे. तबेल्यातल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. बाहेर बसणाऱ्या नराला त्यांनी मारले. थोड्याच वेळात चिमणीने दुसरा नर आणला. तोही मारला, तिसरा आला. सात दिवसांत त्या एका जागेवर त्यांनी आठ नर मारले. मर्टन यांनी मोठ्या संशोधनाने जे सांगितले ते या मुलाने आठवड्यात पाहिले होते : जागा आणि दाणा असेपर्यंत जागा रिकामी राहत नाही. (सालीम अली पुढेही संशोधनासाठी पक्षी मारीत असत आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. ज्यांना त्यांचे केवळ गोंडस चित्र हवे आहे त्यांनी हेही वाचावे.)

भोरडीकडे परत येऊ. अण्णांच्या रानात ती चोर आहे, यात शंका नाही. पण ती येथली नव्हे. पावसाळ्याच्या अखेरीस ती मध्य आशियाकडून येते आणि एप्रिलच्या सुमारास परत जाते. तिची घरटी, पिले सारी तिकडे. आणि तिकडे ती पिलांना टोळ आणि नाकतोडे भरविते. चीनच्या शिनजियांग प्रांतात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून कुरणांवरचे टोळ आटोक्यात ठेवण्यासाठी भोरड्यांना मुद्दाम बोलाविले जाते; त्यांना घरटी करता यावीत म्हणून दगड-विटांचे ढीग रचले जातात. जी आमच्या शाळूची लुटारू तीच तेथल्या गवताची राखणदार. तिच्या वर्षाचा अर्धा हिशेब आपल्या वहीत आहे, अर्धा दुसऱ्याच्या. त्याच देशाने १९५८ मध्ये दाणे खाते म्हणून चिमणीला शत्रू ठरवून लाखोंनी मारले, आणि किडी बोकाळल्यावर १९६० मध्ये तिचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून ढेकणाचे घातले, हेही येथे आठवते. सुगरण, चिमणी यांच्यासारखी दाणे टिपणारी पाखरेसुद्धा पिलांना मात्र अळ्या आणि किडेच भरवितात. कोवळ्या पिलाला दाणा पचत नाही.

पण हे सारे अण्णांना सांगून काय उपयोग? शिनजियांगच्या गवताचा हिशेब त्यांनी का द्यावा? येथे आमची गाडी अडते, आणि ती अडावी असेच आम्हांस वाटते. कारण पाखरांवर प्रेम करा असे सांगणारे बहुतेक आमच्यासारखे आहेत. आमच्याकडे पाखरांनी खावे असे काही नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या चौथ्या परिशिष्टात पोपट, मुनिया, सुगरण, साळुंक्या आणि भोरडीचे कुळ ही सारी होती. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टे नव्याने मांडली, उपद्रवी प्राण्यांचे वेगळे परिशिष्ट रद्द झाले. ही दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. जखमी करणे, पकडणे, अंडी-घरटी मोडणे हेही शिकारीत येते. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी सर्वसाधारण शिक्षा आहे. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर वन्यजीव अधिकाऱ्याने लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे, परंतु ती अधिकाऱ्याने कारण नोंदवून द्यायची असते, आपण मनाने घ्यायची नसते. बंदुकीचे नियमही २०१६ पासून असे आहेत, की साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ताकद असेल तर परवाना हवा. म्हणजे अण्णांना परवान्याशिवाय जी मिळते ती नेमकी त्यांना नको असलेली लहान बोअर, आणि त्यांना हवी असलेली मोठी परवान्याशिवाय मिळत नाही. आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग सरकारनंच ठरवलं म्हणायचं माझ्याऐवजी." यात समाधान होते की उपरोध, ते कळले नाही.

कायद्याने हात बांधले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. अण्णांनी एक जुना नियम विचारला, तो अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील. वाटेत पाखराचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असेल तर पिले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. "म्हणजे घ्यायला परवानगी हाय की," अण्णा म्हणाले. आहे, हे आम्ही कबूल केले. तो नियम घेणाऱ्याला चोर म्हणत नाही. भुकेल्या माणसाची भूक त्याला मान्य आहे. पण हात कोठे थांबवायचा हेही तो सांगतो : जिच्यापासून पुढचे सारे यायचे आहे तिच्याजवळ. आम्हांला यात असे दिसते, की घेणारा आणि ज्याचे घेतले जाते तो, या दोघांचेही तोंड पाहून तो नियम केलेला आहे. आमच्या पहिल्या दिवसाच्या उत्तरात अण्णांचे तोंड कोठेच नव्हते.

आता राखणीविषयी. अण्णांच्या लहानपणी त्या शिवारात चहूकडे शाळू होता. हुरड्यापासून कापणीपर्यंतचे तीन-चार आठवडे प्रत्येक रानात माळा असे आणि माळ्यावर एक पोर गोफण घेऊन. अण्णा स्वतः तिसरीत त्यासाठीच शाळा चुकवीत. त्यांची आई पहिल्या कणसांची जुडी दाराच्या चौकटीला टांगून ठेवी, चिमण्यांसाठी. एका हाताने हाकलायचे, दुसऱ्या हाताने वाटा ठेवायचा, यात त्या माउलीला विसंगती वाटली नाही. थवे तेव्हाही येत. पण ते साऱ्या शिवारावर पसरत. कोणाची चार कणसे जात, कोणाची दहा. पाखरांचा वाटा गावाने मिळून दिला जाई.

मग पाटाचे पाणी आले, ऊस आला. ऊस कोणी वाईट म्हणून लावला नाही. त्याचे पैसे होतात. पोरे शाळेत जाऊ लागली, आणि ती माळ्यावर परत यावीत असे अण्णाही म्हणणार नाहीत, आम्हीही नाही. परंतु थवे तेवढेच उरले आणि शाळू दोन एकर उरला. साऱ्या शिवाराचा वाटा आता एका माणसाच्या ताटातून जातो. नुकसान झाले म्हणून अण्णांना कोणी आजवर पैसाही दिलेला नाही. पाखरू निष्ठुर झाले नाही आणि अण्णाही झाले नाहीत. वाटणी बिघडली आहे. आणि आम्ही शहरात बसून शाळूच्या भाकरीचे कौतुक करतो, तिला आता पाहुणचारात मान आहे. पाखरे वाचावीत असेही आम्हांला वाटते आणि भाकरीही मिळावी असे वाटते, आणि दोन्हींची किंमत अण्णांकडून वळती होते.

हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे शेती आणि पाखरे यांवर बरीच वर्षे सरकारी संशोधन झालेले आहे. तेथून आलेले काही उपाय आम्ही शोधून अण्णांना कळविले. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चकचकीत अशी प्लॅस्टिकची फीत खांबांवर, पिकाच्या थोडी वर, पीळ देऊन ताणून बांधायची; वाऱ्याने ती चमकते आणि घोंघावते, पाखरे बुजतात. सूर्यफुलासारख्या पिकाभोवती मक्याची किंवा ज्वारीची दाट कुंपणपट्टी पेरायची, की पोपटाला आतले दिसू नये. मक्याचे कणीस त्याच्याच पानांनी झाकायचे. तांबड्या, तुरट दाण्याच्या ज्वारीला पाखरे कमी लागतात हेही खरे, पण तिच्या भाकरीला माणसेही कमी लागतात!

अण्णांनी फिती आणल्या. आठ दिवस शिवार शांत होते. नवव्या दिवशी भोरड्या फितींच्या खाली उतरल्या. संशोधकही हेच सांगतात, की पाखरू शिकते. उपाय बदलत राहावा लागतो, आणि कोणताही उपाय माणूस रानात असेल तेव्हाच नीट चालतो. म्हणून एका शनिवारी आम्ही आणि मंडळीतली तीन मोठी मुले माळ्यावर गेलो. अण्णांनी गोफण हातात दिली. आमचा पहिला दगड आमच्याच मागे गेला, दुसरा एका चांगल्या कणसात. तिसऱ्यानंतर अण्णांनी गोफण काढून घेतली आणि डबा दिला. सकाळी सहापासून अकरापर्यंत आणि तीनपासून अंधार पडेपर्यंत आम्ही ओरडलो. संध्याकाळी आमचा घसा बसला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत गीत दुसऱ्याने सुरू करावे लागले. मुले आणखी दोन शनिवार गेली. बाकीचे वीस-बावीस दिवस अण्णा एकटे होते.

फेब्रुवारीत कापणी झाली. रस्त्याकडच्या आणि उसालगतच्या ओळी रिकाम्या गेल्या, मधला शाळू हाती लागला. किती गेला याचा हिशेब त्यांनी केला होता, पण आम्हांला सांगितला नाही. कणसांची एक जुडी मात्र घराच्या दाराला टांगलेली आम्ही पाहिली. सुनेने टांगली, असे ते म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला होता. बंदुकीचा विषय निघाला नाही. शेजारी उसाचे बेणे द्यायला तयार आहे, पाणी बांधापर्यंत आलेलेच आहे, रब्बीच्या आत ठरवले पाहिजे, असे म्हणाले. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "काय करू, गुरुजी?" रविवारी त्या गावी जायचे आहे. आम्ही अजून उत्तर ठरविलेले नाही.